कुच्चूवाल्या मालनबाईंची पाठ

चिकपेटच्या बाजारात साडी घेतली आणि पदराला चांगले कुच्चू हवे असं कुणी म्हटलं, की दुकानदार हटकून मधुकरअण्णांच्या माळ्याकडे बोट दाखवायचे. कुच्चू म्हणजे पदराच्या टोकाला लावायचे रेशमी गोंडे. बेंगळुरात त्यांच्याशिवाय रेशमी साडी पुरी झाली असं कुणी मानत नाही. मधुकरअण्णांचं दुकान एका अरुंद गल्लीत. खाली साड्या, वर लाकडी जिन्याचा बुटका माळा आणि त्या माळ्यावर सात बायका रेशीम घेऊन बसलेल्या. त्यांतल्या खिडकीशी बसणाऱ्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, त्या मालनबाई महेंद्रकर.

तीस वर्षं त्या एकाच जागी बसल्या. मांडी घालायची, पदर गुडघ्यावर पसरायचा, रेशमाचा पेड पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा आणि मान खाली घालून गाठी मारत राहायचं. चहा आला तर प्यायचा, नाही आला तर तेही लक्षात नाही. त्यांच्या गाठी मोजून घ्याव्यात अशा एकसारख्या असत. घराणं रंगाऱ्यांचं, चार पिढ्या बेंगळुरात. मराठी घरात, कन्नड दारात. "आमच्या घराण्यात डोळे जातात, कंबर जात नाही," असं त्या अभिमानानं सांगत. खरं तर दोन वर्षांपासून त्यांची कंबर दुखत होती. रात्री मलम लागत होतं, सकाळी पलंगाची कड धरून उठणं होत होतं. पण सांगितलेल्या गोष्टीला जागायचं म्हणून त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

नवरा ज्योतिबा. सरकारी कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. बोलणं मोजकं. जे. पी. नगरातल्या घराच्या मागच्या पडवीत त्यांनी हत्यारं मांडली होती. शेजारपाजारचे मिक्सर, कुलपं, सायकली तिथे दुरुस्त होत. मुलगा हरी पुण्याला. वरच्या मजल्यावर पुण्याचीच शमिका नावाची मुलगी भाड्यानं राही. आयटीत होती, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करी.

श्रावणातला वरमहालक्ष्मीचा सण आठ दिवसांवर आला होता. वर्षातले हे दिवस चिकपेटात सगळ्यात गर्दीचे. माळ्यावर साड्यांचे ढीग, खाली गिऱ्हाइकांचा गलका. दुपारी दोनच्या सुमाराला मालनबाईंनी एक जांभळी साडी संपवली, घडी घातली आणि ती खाली द्यायला म्हणून उठायला गेल्या. अर्ध्यावर उठल्या आणि तिथेच थिजल्या. ना वर होता येईना, ना खाली बसता येईना. कमरेत कुणीतरी खिळा ठोकून ठेवावा तशी कळ. शेजारी बसणारी उल्का धावली, तिनं काखेत हात घातला, तशी मालनबाईंच्या तोंडून असा आवाज निघाला की साऱ्याजणींची कामं थांबली.

माळ्याचा जिना एका माणसापुरताच. उचलून नेणं शक्य नव्हतं. शेवटी मालनबाई एकेका पायरीवर बसत, सरकत, अठरा पायऱ्या उतरल्या. खाली दुकान भरलेलं होतं. गिऱ्हाइकं बाजूला झाली, वाट दिली. कळ बाजूलाच राहिली, ते बघणारे डोळेच त्यांना जास्त लागले.

डॉक्टरांनी फोटो काढायला लावले, पाय उचलून पाहिले, तळव्यावर टाचणी टोचून पाहिली. मणक्यांमधली एक गादी थोडी सरकली होती, पण शस्त्रक्रियेची गरज नव्हती. औषधं दिली, चार-पाच दिवस आराम सांगितला आणि वर बजावलं, की महिनाभर लोळत राहू नका, त्यानं पाठ आणखी बिघडते. पाठीला धरून ठेवणारे स्नायू दुबळे झालेत, त्यांना कामाला लावा. व्यायाम करा, योगासनं करा, पण समोर जाणता माणूस हवा. आणि पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी इस्पितळात या. ज्योतिबांनी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला.

वरमहालक्ष्मी आली आणि गेली. मालनबाई घरीच. त्यांची अर्धवट राहिलेली अकरा कामं उल्कानं आणि बाकीच्यांनी मिळून उरकली. आठवड्यानं उल्का भेटायला आली तेव्हा मालनबाईंनी विचारलं, की कुणाची साडी परत आली का? गाठी बारीक नाहीत असं कुणी म्हणालं का? उल्का म्हणाली, "नाही अक्का, सगळं सरी, नीट झालं. एकही परत आली नाही." तिला वाटलं, अक्कांचा जीव भांड्यात पडेल. उल्का गेल्यावर मालनबाई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तीस वर्षं ज्या गाठींसाठी मान वर केली नाही, त्या गाठी ओळखणारं कुणी नव्हतंच की काय? संध्याकाळी ज्योतिबांनी भाकरी करून पुढ्यात ठेवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, माझ्यावाचून काही अडलं नाही तिथे. आता पाठीसाठी वेळ काढायला हरकत नाही." ज्योतिबांनी ताटात भाजी वाढली. पण बायकोच्या आवाजातला तो सूर त्यांना नवा होता.

वेळ काढला, पण सुरुवात चुकली. शमिका रोज सकाळी फोनवर व्हिडिओ लावून योगासनं करी. तिनं मोठ्या प्रेमानं काकूंना वर बोलावलं. चटई अंथरली. पडद्यावरची सडपातळ मुलगी हसत हसत सांगत होती, की पाठदुखी दहा मिनिटांत पळवा. पाय लांब करा, कमरेतून वाका, अंगठे धरा. मालनबाईंचे पायाचे अंगठे म्हणजे त्यांच्या रोजच्या ओळखीचे. त्या वाकल्या. शमिकापेक्षा जास्त वाकल्या. शमिकानं टाळ्या वाजवल्या. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताच कळ कमरेतून निघाली आणि पोटरीपर्यंत सरळ गेली. पी हळद आणि हो गोरी करायला गेल्याचं हे फळ.

शमिकाला रडू फुटायचंच बाकी होतं. ती डॉक्टरांकडे बरोबर गेली आणि परत येताच तिनं शोध सुरू केला. व्हिडिओ नको, ॲप नको, समोर उभा राहून बघणारा माणूस हवा. शेजारच्या एका बाईनं गुरुप्रसाद सरांचं नाव सांगितलं. गणपतीच्या देवळामागच्या सभागृहात सकाळी सहाला त्यांचा वर्ग भरे. आयुष्यभर कन्नड शाळेत गणित शिकवलेला, सत्तरीचा, काटकुळा माणूस. आधी त्यांनी फोटो आणि डॉक्टरांचे कागद मागितले आणि उजेडात धरून नीट वाचले. मग डॉक्टरांना फोन केला. मग कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, पुढं वाकणं सहा महिने बंद. खाली पडलेला रुपयासुद्धा गुडघे वाकवून उचलायचा."

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मालनबाई पहिल्यांदा वर्गाला निघाल्या, तेव्हा कपड्यांचा प्रश्न उभा राहिला. साडीत पाय वर कसा करणार? शमिकाचे तंग कपडे त्यांना अंगाला लावणंही शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी ज्योतिबांचा पांढरा पायजमा चढवला, नाडी आवळली, वर त्यांचाच गुडघ्यापर्यंतचा सदरा घातला. ज्योतिबा दारात उभे राहून पाहत राहिले. "हसू नका," मालनबाई म्हणाल्या. ते हसत नव्हते. त्यांनी आत जाऊन आपला दुसरा पायजमाही काढून ठेवला, एक धुवायला टाकला तर दुसरा असावा म्हणून.

वर्गात सगळे हातपाय हलवत होते आणि गुरुप्रसादांनी मालनबाईंना एका कोपऱ्यात उताणं झोपवलं. गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीवर, हात पोटावर. श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, सोडा. बस. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पालथं झोपवलं, हातांची उशी करून. त्याला मकरासन म्हणायचं. मगर वाळूत पडून राहते तसं. पाचव्या दिवशी मालनबाईंचा संयम संपला.

"सर, झोपायला घरी पलंग आहे माझा. मी इथे काहीतरी करायला येते."

गुरुप्रसाद त्यांच्याजवळ खाली बसले. "तुम्ही झोपत नाही आहात, अम्मा. हे बघा." त्यांनी मालनबाईंच्या खांद्याला दोन बोटं लावली. खांदा कानाजवळ चढलेला होता. दगडासारखा. "हा असा कधीपासून आहे? तुम्हाला माहीत आहे?"

मालनबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी तो खाली सोडायचा प्रयत्न केला. तो सुटला आणि क्षणात पुन्हा चढला. आपलाच खांदा, आणि आपलं ऐकत नाही. त्या चिडल्या, पण सरांवर नाही. त्या दिवसापासून खांदा सोडायचं काम त्यांनी गाठी मारण्याच्या निष्ठेनं हाती घेतलं.

मग एकेक आसन वाढत गेलं. मांजरीसारखं चार पायांवर होऊन पाठ जराशी वर, जराशी खाली करायची. उताणं झोपून कंबर चार बोटं उचलायची, तो सेतुबंध. पालथं पडून एकच पाय वीतभर वर धरायचा, ते अर्धं शलभासन. भुजंगासनात छाती इतकीच उचलायची की हातांवर भार येऊ नये. गुरुप्रसाद जवळ उभे राहून सारखं म्हणत, "स्वल्प. स्वल्प." थोडं, अगदी थोडंच. जास्त उचलेल त्याला ते रागावत. शेजारची तरणीताठी माणसं कमानी करत होती, त्यांच्याकडे बघायचं नाही अशी मालनबाईंना ताकीद होती. बघितलं तरी हेवा वाटेनासा झाला. आपला पाय आज कालच्याइतकाच वर गेला पण थरथरला नाही, हे त्यांना कळायला लागलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं म्हणून तर त्यात जास्त मजा होती.

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. दिवाळीच्या फराळाला दोन तास उभ्या राहिल्या आणि चार दिवस मागे गेल्या. एकदा नळाखालची बादली उचलली आणि रात्रभर तळमळल्या. तेव्हा ज्योतिबांना वाटलं, हे सगळं व्यर्थ आहे, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. मालनबाई म्हणाल्या, "बादली मी उचलली. आसनानं नाही उचलली." सकाळी सहाला त्या वर्गात हजर होत्या, त्या दिवसापुरत्या पुन्हा मगर होऊन.

डिसेंबरातल्या एका थंड सकाळी त्या दात घासत असताना मध्येच थांबल्या. ब्रश तोंडात तसाच. आज पलंगाची कड धरली होती का? आठवेना. कूस बदलली, पाय सोडले, उठल्या, चालत न्हाणीघरापर्यंत आल्या, आणि कळ कुठेच नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी चूळ भरली, बाहेर आल्या आणि ज्योतिबांना उठवून हे सांगितलं. तेव्हा त्यांनी आधीची दोन वर्षंही सांगितली. चोरून लावलेलं मलम, पलंगाची कड, सगळं. ज्योतिबा उठून बसले. म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं मी यंत्रांचा आवाज ऐकून बिघाड सांगत होतो. घरातला ऐकू आला नाही." एवढंच. मग त्यांनी चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात गुरुप्रसादांनी एक विचित्र मागणी केली. काम कसं करता ते दाखवा म्हणाले. मालनबाईंनी एक साडी आणि रेशीम पिशवीत घालून आणलं. वर्ग संपल्यावर सभागृहात मांडी घातली, पदर गुडघ्यावर, पेड अंगठ्याला, आणि लागल्या गाठी मारायला. गुरुप्रसाद समोर खुर्ची घेऊन बसले. शमिकाही तोवर वर्गाला येऊ लागली होती, तीही थांबली. वीस मिनिटांनी सरांनी हाक मारली तेव्हा मालनबाईंना वाटलं, दोनच मिनिटं झाली.

"वीस मिनिटांत तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत," गुरुप्रसाद म्हणाले. "खांदा पुन्हा कानाशी. पाठ धनुष्यासारखी. अम्मा, मी सकाळी एक तास शिवतो आणि तुम्ही तिथे जाऊन नऊ तास उसवणार. मग माझ्या शिवण्याला काय अर्थ?"

"मग मी काम सोडू?"

"ते मी कसं सांगू? तुमच्या कामातलं मला काही कळत नाही. ते तुम्हीच शोधायचं."

त्या दिवशी मेट्रो स्टेशनासमोरून घरी येताना मालनबाई फार जोरात चालत होत्या, असं शमिका नंतर सांगे. काम सोडायचं नाही हे त्यांचं कधीच ठरलं होतं. जे ठरलं नव्हतं ते वाटेत ठरलं. मान पदराकडे न्यायची नाही, पदर मानेकडे आणायचा.

घरी येताच त्यांनी पडवीत ज्योतिबांच्या पुढ्यात स्टूल ओढलं आणि हातानं दाखवलं. पदर इथे हवा, छातीसमोर, जरा तिरका. दोन्ही बाजूंनी धरलेला, पण रेशमाला वळ पडता कामा नये. उभं राहूनही काम करता यावं आणि बसूनही. ज्योतिबांनी फूटपट्टी काढली. बायकोची बसल्या जागी, उभ्या जागी मापं घेतली. कारखान्यात त्यांनी विमानाचे भाग जुळवले होते, पण एवढ्या प्रश्नांची उत्तरं तिथे कुणी त्यांच्याकडून मागितली नव्हती. आठ दिवसांनी सागवानाची एक तिरकी चौकट तयार झाली. खाली लोखंडी पाय, स्क्रू फिरवला की उंच, उलटा फिरवला की ठेंगणी. वरच्या पट्टीला आतून मखमल.

पहिले कुच्चू त्यावर अगदीच वाईट झाले. एक सैल, एक घट्ट. मालनबाईंनी ते उसवले, पुन्हा केले, पुन्हा वाईट. शाळकरी मुलीसारख्या. चूक कुठे आहे ते तिसऱ्या दिवशी सापडलं. ताण अंगठा देत होता, आणि अंगठा आता जमिनीवर मोकळा बसला होता. ज्योतिबांनी चौकटीच्या खाली एक पितळी आकडा बसवला. आकडा ताठ, अंगठा जिवंत. रेशीम तुटायला लागलं. मग आकड्यामागे शिवणयंत्राची जुनी स्प्रिंग आली, आणि ती तीनदा बदलली. मालनबाई पेड ओढून बघत, डोळे मिटत, "अजून मऊ" म्हणत. जानेवारी संपता संपता एका दुपारी त्यांनी ओळीनं चाळीस गाठी मारल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला. ज्योतिबा भिंग घेऊन बघायला आले. त्यांना काही फरक दिसला नाही, म्हणजे जमलं होतं.

खरी अडचण चिकपेटात आली. माळ्याचं छत इतकं खाली, की अगदी ठेंगणी केली तरी चौकट तिथे उभीच राहिना. मधुकरअण्णा भला माणूस, पण दुकानदार. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, भरलेल्या फडताळांकडे पाहिलं. मालनक्का, तुम्ही आपल्या जुन्या जागी बसा, हवी तर जाड गादी देतो, असं म्हणाले. सातजणी त्या माळ्यावर वर्षानुवर्षं बसतायत, कुणाची तक्रार नाही, असंही म्हणाले.

मालनबाई रागावल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. "अण्णा, तक्रार मीही कधी केली नव्हती. अठरा पायऱ्या बसत उतरले ते तुम्ही पाहिलंत. तिथे मी पुन्हा बसणार नाही. मला खाली दाराजवळ तीन फूट जागा द्या. काम पसंत पडलं नाही, तर मी चौकट उचलून घरी जाईन, आणि आपलं बोलणं गोडच राहील."

मधुकरअण्णांनी मान खाजवली. दाराजवळ साड्या नेसवलेल्या दोन पुतळ्या उभ्या होत्या. त्यांतली एक त्यांनी आत ढकलली. महिनाभर बघू म्हणाले.

महिना लागला नाही. लग्नसराईचे दिवस होते. गल्लीतून जाणाऱ्या बायका दारात थबकत. पांढऱ्या केसांची एक बाई ताठ उभी आहे, समोर मोरपंखी पदर ताणलेला आहे आणि तिच्या बोटांतून गोंडे उतरतायत. आजवर हे काम कुणी पाहिलंच नव्हतं, माळ्यावर होत होतं आणि घडी होऊन खाली येत होतं. आता मुली जवळ येऊन विचारायच्या, ही गाठ कसली, यात मणी घालता का? होसूरहून आलेली एक नवरी तासभर बाजूला बसून राहिली आणि जाताना म्हणाली, माझा शालू तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मालनबाईंनी मान हलवली आणि खांदा खाली आहे ना ते पाहून पुढची गाठ मारली. मधुकरअण्णांनी आपणहून दुसरी पुतळीही आत नेली.

उल्का सुरुवातीला हसली होती. अक्का आता दुकानाची बाहुली झाली, म्हणायची. ती चौतीस वर्षांची, हात मालनबाईंच्या खालोखाल. मार्चमध्ये एकदा ती साड्यांचा गठ्ठा घेऊन जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर तिचा हात कमरेवर गेला. एक क्षणभरच. मालनबाईंनी तो पाहिला. त्यांना तो हात चांगला ओळखीचा होता.

"मलम कोणतं लावतेस?" त्यांनी विचारलं.

उल्का आधी नाही म्हणाली. मग डोळे भरून आले तिचे.

मालनबाईंनी गुरुप्रसादांना विचारलं. ते म्हणाले, शिकवा, पण जेवढं तुमच्या अंगात मुरलंय तेवढंच. वरचं काही नाही. कुणाच्या पायात कळ उतरत असेल, तर आसन नाही, आधी डॉक्टर. त्याप्रमाणे उल्का आधी डॉक्टरांकडे जाऊन आली. तिचं दुखणं स्नायूंचंच निघालं. मग रोज तीन वाजता माळ्यावरच्या सहाजणी खाली यायला लागल्या. शटरच्या आतल्या बाजूला साड्या उलगडून दाखवायची पांढरी गादी होती, तिच्यावर चार आसनं, दहा मिनिटं. पहिल्या दिवशी दोघी लाजल्या, एक म्हणाली माझी साडी रखडली. मालनबाई म्हणाल्या, "मी होते तेव्हा मलाही असंच वाटे. मी नव्हते तेव्हा एकही साडी परत आली नाही." हे बोलताना त्यांना आता काही टोचलं नाही. त्यात त्यांना मोकळंच वाटलं.

जूनपर्यंत ज्योतिबांनी आणखी तीन चौकटी केल्या, ठेंगण्या, माळ्याच्या छताखाली बसतील अशा. स्क्रू तेच, स्प्रिंग तीच. पडवीत मिक्सर दुरुस्तीला पडून राहायला लागले, तशी शेजारणींची कुरकुर सुरू झाली.

श्रावण आला. वरमहालक्ष्मीच्या आधीचे पंधरा दिवस नेहमीसारखेच उसळून आले. मालनबाई सकाळी सहाला वर्गात, साडेनऊला मेट्रोत, दहाला दारात. कंबर एकदाही दुखली नाही असं नाही. तेराव्या दिवशी दुपारी ती कुरकुरली. मालनबाईंनी पदर तसाच चौकटीत सोडला, मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं मगर झाल्या आणि परत आल्या. गिऱ्हाईक थांबलं होतं. थांबू दिलं. सण पार पडला तेव्हा त्यांच्या हातून चौऱ्याऐंशी पदर गेले होते, आणि सातही बायका आपापल्या पायांनी घरी गेल्या होत्या.

सणानंतरच्या रविवारी मधुकरअण्णांनी गाडी करून सगळ्यांना शिवगंगेला पाठवलं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. ज्योतिबा आणि शमिकाही बरोबर होते. डोंगर उभा, पायऱ्या खडकात कोरलेल्या, काही ठिकाणी तर लोखंडी कठडा धरूनच चढायचं. माकडं पिशव्यांवर टपलेली. पहिल्या टप्प्यावर उल्कानं विचारलं, अक्का, तुम्ही इथे देवळात थांबता का, आम्ही वर जाऊन येतो. मालनबाईंनी साडीचा पदर कमरेला खोचला आणि सावकाश चढायला लागल्या. दम लागला की थांबत, दोन श्वास घेत, पुन्हा पाऊल. शमिका मागे राहिली. ज्योतिबा तर एका खडकावर बसूनच गेले, गुडघा चोळत. मालनबाईंनी वळून पाहिलं, चार पायऱ्या खाली उतरल्या आणि त्यांच्यासमोर हात धरला. "घाई नाही. स्वल्प स्वल्प या," म्हणाल्या.

दोघं शिखराखालच्या सपाटीवर पोचले तेव्हा बाकीच्या बायकांनी डबे सोडले होते. वारा इतका, की पदर हातात धरावे लागत. उल्कानं सावलीत जागा करून दिली आणि बसायला सांगितलं. मालनबाईंनी चित्रान्नाची, म्हणजे लिंबूभाताची, पुडी हातात घेतली, पण बसल्या नाहीत. खाली तळी चकाकत होती, पलीकडे महामार्गावरच्या गाड्या मुंग्यांसारख्या सरकत होत्या. ज्योतिबा त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. एका पुडीत दोघांनी खाल्लं. मग मालनबाई म्हणाल्या, की शिखराची ती शेवटची चढण राहिली आहे, दिवस अजून बराच आहे. आणि ज्योतिबा हो-नाही म्हणायच्या आत त्या पुढे निघाल्याही होत्या.